दवादारू

औषधाच्या दुकानात आपण किती वेळ थांबतो? गर्दी नसेल तर दोन मिनिटं. चिठ्ठी पुढं सरकवायची, पैसे द्यायचे, पिशवी घ्यायची आणि गाडीला किक मारायची. चिठ्ठी नसली तरी आपलं फारसं अडत नाही. 'पोट बिघडलंय, काहीतरी द्या,' 'परवा नेल्या होत्या त्या पिवळ्या गोळ्या द्या,' एवढ्यावर काम भागतं. काउंटरपलीकडच्या माणसाला आपण कधी शेठ म्हणतो, कधी भाऊ, आणि अगदीच अडचणीत असलो तर डॉक्टर. 'अहो फार्मासिस्ट' अशी हाक मी अजून तरी ऐकलेली नाही.

श्रोतेहो, आज मला या दोन मिनिटांविषयी बोलायचं आहे, आणि त्या दोन मिनिटांत हातात पडणाऱ्या एका जातीच्या औषधांविषयी. मेंदूला तरतरी आणणारी ही औषधं. इंग्रजीत त्यांना स्टिम्युलंट म्हणतात, आपण उत्तेजकं म्हणू. मी या विषयातला पंडित नव्हे. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. कविता लिहितो. पण पोटासाठी औषधनिर्माणशास्त्राच्या एका महाविद्यालयात कारकुनी करण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. मुलांचे अहवाल, ग्रंथालयाची मासिकं माझ्या टेबलावरून जातात, आणि समोर आलेला कागद वाचायची खोड असल्यामुळे मी ती वाचतो. अडलं की प्राध्यापकांना विचारतो. त्यात आमची मिरज. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली इथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून हे गाव आजाऱ्यांचं माहेरघर झालं. दोन दवाखान्यांच्या मध्ये तीन औषधांची दुकानं असा आमच्याकडचा हिशेब. सतारीच्या तारा आणि स्पिरिटचा वास, या दोहोंत आमचं बालपण गेलं.

कवी असल्यामुळे आधी शब्दाकडे वळतो. आपण 'दवादारू' म्हणतो. 'म्हातारीचं दवादारू बघायला घरात कुणी नाही,' असं. फारसीत 'दारू' म्हणजे औषधच. दवा म्हणजे औषध, दारू म्हणजेही औषध. 'कागदपत्र'सारखा हा जोडशब्द. मराठीत येऊन यातली दारू बाटलीत गेली आणि नंतर बंदुकीतही गेली. औषध, नशा आणि स्फोटक, तिन्ही एकाच शब्दात. उत्तेजक औषधांचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास बघितला तर तोही साधारण असाच झालेला दिसतो.

सुरुवात दम्यापासून झाली. एफेड्रा नावाचं झुडूप चीनमध्ये दम्या-खोकल्यावर पूर्वापार वापरात होतं. त्यातलं एफेड्रिन 1885 साली नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञानं वेगळं काढलं. गुण चांगला येई. मग त्याला पर्याय म्हणून प्रयोगशाळेत बनवता येईल असं काही मिळतं का, याचा शोध सुरू झाला. लॉस एंजेलिसमधल्या गॉर्डन ॲलिस या रसायनशास्त्रज्ञानं 3 जून 1929 या दिवशी अँफेटामीनचं इंजेक्शन स्वतःलाच टोचून घेतलं. हा पदार्थ बर्लिनमध्ये 1887 सालीच तयार झाला होता, पण त्याचा उपयोग कुणाला कळला नव्हता. ॲलिसचं नाक मोकळं झालं, छाती धडधडू लागली, मन प्रसन्न झालं, जेवणाच्या टेबलावर तो भरपूर बोलला. आणि रात्री झोप आली नाही. विचार या विषयावरून त्या विषयावर धावत राहिले. त्यानं हे सगळं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं. दम्याचं औषध शोधायला निघालेला माणूस जागरण घेऊन परत आला.

पुढं जे झालं ते प्रयोगशाळेत नाही, दुकानात झालं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. 1930 नंतर अमेरिकेत चोंदलेल्या नाकासाठी बेन्झेड्रिनची नळी आली. आपल्याकडे सर्दीत हुंगायची नळी मिळते तशी. आत अँफेटामीनमध्ये भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या. चिठ्ठीची गरज नाही. लोकांनी काय केलं? नळी फोडून पट्टी कॉफीत बुडवली किंवा सरळ गिळली. अशा नळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागेल हा नियम यायला 1959 साल उजाडलं. तोवर कंपन्यांनी नळीतला पदार्थ बदलून पाहिला होता. एकीनं मेफेंटरमीन नावाचा, अँफेटामीनच्याच कुळातला पदार्थ घातला. लोकांनी तीही नळी फोडली. मेफेंटरमीन हे नाव जरा लक्षात ठेवा, ते आपल्याकडे परत येणार आहे.

जपानमध्ये 1941 साली फिलोपॉन नावानं मेथॲम्फेटामीन विकायला आलं. ग्रीक भाषेतला हा शब्द. अर्थ, कामाची आवड असणारा. किती सज्जन नाव! युद्धातल्या रात्रपाळ्या त्यावर चालल्या आणि युद्ध संपल्यावर ते दुकानांतून घराघरात गेलं. 1951 साली जपानला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. फ्रान्समध्ये अँफेटामीन आणि ॲस्पिरिन यांची कोरिड्रेन ही गोळी 1971 पर्यंत औषधाच्या दुकानात मिळत होती. सार्त्र त्या गोळ्या चघळत तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ लिहीत. ऑडेन हा इंग्रज कवी तर जवळपास वीस वर्षं सकाळी बेन्झेड्रिन आणि रात्री झोपेची गोळी असा दिनक्रम पाळायचा. आमच्या मुशायऱ्यांत रात्री तीनलाही कवी ताजेतवाने दिसतात, त्यामागं कटिंग चहाच असतो, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, धाकटा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळं ही भरती म्हणजे त्या घरासाठी सगळं काही. पहाटे मैदानावर दोन-तीनशे पोरं असतात. त्यांतल्याच कुणीतरी सांगितलं, एक सुई घेतली की पाय हलके होतात, दम लागत नाही. ती सुई मेफेंटरमीनची. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली आला तर तो वर आणण्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ ठेवायचं हे औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला कायद्यानं मनाई आहे. भाच्याला ते एका दुकानातून मिळालं. चिठ्ठी नाही, पावती नाही. 'कशाला पाहिजे?' हा प्रश्नही नाही. भूल देणारा डॉक्टर नसलेला, घामाघूम झालेला, पायात धावायचे बूट घातलेला पोरगा ऑपरेशन थिएटरातलं औषध मागतो आणि त्याला ते पिशवीत घालून मिळतं.

पहिले काही दिवस तो खरंच वेगानं धावला. हेही सांगायला हवं, नाहीतर या गोष्टीतलं आकर्षण कळणार नाही. मग झोप गेली. रमजानचे दिवस होते, सहरीला उठवायला आपा जायची तर हा जागाच बसलेला. मला म्हणाला, "मामू, नींद नै आती. दिमाग में कोई दौडता रहता." माझ्या इतक्या वर्षांच्या कवितेत इतकी नेमकी ओळ आलेली नाही. पुढं संशय सुरू झाला. मैदानावरची पोरं आपल्याविषयीच बोलतात, फोनमधून कुणी ऐकतं, असं. एके दिवशी त्यानं फोन आपटून फोडला. आणि सुई बंद केली तेव्हा उलटंच झालं. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून. आवडती बिर्याणीही नको, मित्रही नकोत. आपा म्हणाली नजर लागली. मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन गेलो. माझीही तिथं श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी शर्टाची बाही वर करायला सांगितली. असे रुग्ण त्यांना नवे नव्हते. व्यायामशाळेत जाणारी मुलं मेफेंटरमीनच्या आहारी जाऊन भ्रमिष्ट झाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकांतही प्रसिद्ध केल्या आहेत.

तो भिंतीकडे तोंड करून का पडला होता, हे समजून घ्यायचं तर मेंदूत शिरावं लागतं. माझ्या समजुतीसाठी मी सांगलीच्या हळद बाजाराचा दाखला घेतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अगदी बारीक फट असते. या काठावरची पेशी डोपामीन नावाचं रसायन सोडते, ते पलीकडच्या काठाला लागतं आणि निरोप पोचतो. हुरूप, लक्ष, हालचाल, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, यांत या रसायनाचा मोठा वाटा. स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी 1957 च्या सुमारास सशांना रेसरपीन दिलं. हे आपल्या सर्पगंधेतलं औषध. ससे दगडासारखे निपचित पडले. मग ज्यापासून डोपामीन बनतं ते एल-डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. या संशोधनासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. मी ते वाचलं तेव्हा मला खाटेवरचा भाचाच दिसला.

तर, निरोप पोचल्यावर फटीत पडलेलं डोपामीन परत उचलून गोदामात नेणारे हमाल असतात. शास्त्रज्ञ त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात, आपण हमालच म्हणू. कोकेन किंवा मिथाइलफेनिडेट या हमालांचे हात बांधतं, म्हणून माल बाहेरच साचतो. अँफेटामीन आणि मेथॲम्फेटामीन त्याहून पुढं जातात. ते हमालांना उलट्या दिशेनं पळवतात. पोती आत नेणारी माणसं गोदामातली पोती बाहेर फेकू लागतात. बाजारात एकदम तेजी! माणसाला वाटतं, आपल्याला काहीही जमेल. पण गोदाम रिकामं होतं, आणि हे वारंवार झालं तर हमालही कमी होतात. मेफेंटरमीनचा जोर डोपामीनपेक्षा नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या रसायनावर जास्त असतो, म्हणून छातीची धडधड आणि रक्तदाब आधी. पण कूळ तेच आणि ओढ लावायची रीतही तीच.

हमाल कमी होतात हे मेंदू न उघडता दाखवता आलं ते पेट स्कॅनमुळं. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत डॉक्टर नोरा व्होल्कॉव यांनी हे काम केलं. या बाई ट्रॉट्स्कीच्या पणती. मेक्सिकोत ज्या घरात ट्रॉट्स्कीचा खून झाला, त्याच घरात त्या वाढल्या. क्रांतिकारकाची पणती मेंदूतली बंडाळी मोजते, हे मला फार आवडलं. 2001 साली त्यांनी मेथॲम्फेटामीनचं व्यसन सोडलेल्यांचे मेंदू तपासले. सोडून थोडेच महिने झालेल्यांमध्ये हमालांची संख्या चांगलीच घटलेली होती. त्यांतल्या पाच जणांना त्यांनी पुन्हा तपासलं, बारा ते सतरा महिने औषधाशिवाय गेल्यावर. संख्या वाढली होती. स्मरणशक्तीच्या आणि हातापायांच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा दिसली नाही. पाचच माणसं आणि औषधही वेगळं, तेव्हा हा निष्कर्ष भाच्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही आपाला मी एवढं सांगितलं की गेलेलं सगळंच कायमचं गेलं असं नसतं, पण वर्षाचा हिशेब धरायचा, आठवड्याचा नाही. तिनं ते धरून ठेवलं.

आता पुन्हा त्या काउंटरकडे. आमच्या महाविद्यालयांत 'फार्मसी प्रॅक्टिस' नावाचा विषय असतो. औषध कसं बनवायचं हे यात नसतं. औषध माणसाच्या हातात पडताना काय होतं, ते यात अभ्यासतात. त्यातली एक पद्धत मला नाटकासारखी वाटते. शिकवून तयार केलेला माणूस रुग्णाचं सोंग घेऊन दुकानात जातो, ठरलेलं वाक्य बोलतो, बाहेर येऊन काय घडलं ते लिहितो. दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या 622 दुकानांत असा अभ्यास झाला आणि 2016 साली लॅन्सेटच्या मासिकात छापून आला. काही सोंगाडे क्षयाची लक्षणं सांगत. काही क्षय असल्याचं दाखवणारा थुंकीचा अहवाल हातात घेऊन जात. नुसती लक्षणं सांगितली तेव्हा शंभरातल्या तेराच वेळा योग्य वागणूक मिळाली आणि सदतीस वेळा अँटिबायोटिक हातावर ठेवलं गेलं. अहवाल दाखवला तेव्हा योग्य वागणूक बासष्ट वेळा, अँटिबायोटिक सोळा वेळा. आणि क्षयाची मुख्य औषधं? ती बाराशे भेटींत एकाही दुकानानं चिठ्ठीशिवाय दिली नाहीत.

मला यात मोठी आशा दिसते. काउंटरपलीकडच्या माणसाला 'नाही' म्हणता येतं. समोरच्याला काय झालंय हे कळलं की तो बदलतो. पण कळण्यासाठी विचारावं लागतं, आणि दोन मिनिटांतली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट ती हीच. कायद्यात कमतरता नाही. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच चिठ्ठीवरचं औषध द्यायचं, हा नियम 1945 पासून आहे. 2015 सालच्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत तर रुग्णाशी बोलणं, त्याला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर दहावी झालेला पोरगा. आमच्याकडून पदविका घेऊन गेलेली चांगली मुलंही सांगतात, आम्ही चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि मालक आमच्याकडे बघतो. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. गिऱ्हाईक म्हणजे आपणच की.

चोरटा माल हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. मेफेड्रोनवर 2015 साली बंदी आली, आणि 2024 साली आमच्या शेजारच्या कुपवाडमध्ये मिठाच्या पोत्यांत दडवलेलं शंभर किलोहून जास्त मेफेड्रोन पुणे पोलिसांनी पकडलं. त्याचं बघायला पोलीस आहेत. भाच्याची बाटली मात्र पोत्यातून आली नव्हती. ती परवाना असलेल्या फळीवरून आली होती.

उत्तेजकं सरसकट बंद करून टाका, असं आपा म्हणते. तिचा राग मला समजतो. पण आमच्याच कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. हुशार, पण त्याचं लक्ष एका ओळीवर टिकत नाही. वर्गात दोन मिनिटं बसवत नाही, रोज डायरीत तक्रार. तज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून त्याला मिथाइलफेनिडेट दिलं. हेही उत्तेजकच. बासलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी ते 1944 साली बनवलं आणि बायकोच्या, रीटाच्या, नावावरून त्याचं नाव रिटालिन ठेवलं. चंचल मुलाला उत्तेजक देऊन तो शांत कसा होतो, हा प्रश्न मलाही पडला होता. 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातल्या तीस मुलांना बेन्झेड्रिन दिलं, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांचं अभ्यासातलं लक्ष एकदम सुधारलं. मुलं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. व्होल्कॉवबाईंच्याच कामातून नंतर दिसलं की मिथाइलफेनिडेट तोंडावाटे घेतलं तर मेंदूतला परिणाम तासाभरात हळूहळू चढतो. शिरेतून घेतलं तर काही मिनिटांतच. नशा त्या वेगात असते. औषध तेच, हमालही तेच; सावकाश आणि मोजून दिलं तर मुलाचं लक्ष टिकतं.

या मुलाच्या बापाला मात्र औषध मिळेना. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची, परवानाही वेगळा. एवढी उसाभर कोण करणार? सहकारी मिरज-सांगलीतली दुकानं पायाखाली घालून आला. काहींनी चिठ्ठी बघून त्याच्याकडेच असं बघितलं की जणू तोच नशेबाज. दर महिन्याला रात्रीच्या गाडीनं पुण्याला जायचं, औषध घेऊन दुसऱ्या दिवशी परत यायचं, असं त्यानं जवळजवळ दोन वर्षं केलं. ज्याला चिठ्ठीशिवाय मिळायला नको त्याला विनाप्रश्न मिळालं, आणि रीतसर चिठ्ठी असलेल्याला दारोदार हिंडावं लागलं. दोन्हीकडे काउंटरवरच्या माणसानं एक गोष्ट केली नाही. बोलला नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुकानदारानं जवळच तो वेगळा परवाना काढला. सहकारी पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा दुकानात बाई होत्या, फार्मासिस्ट. त्यांनी दोन्ही प्रती तपासल्या, वहीत नोंद केली आणि विचारलं, "मुलगा जेवतो का नीट? या गोळीनं भूक मरते. सकाळी पोटभर खाऊ घालून मग द्या, आणि वजन दर महिन्याला बघा." सहकारी उभाच राहिला. घरी येऊन त्यानं मुलाचं दप्तर उघडलं. शाळेचा डबा भरलेलाच परत येत होता, आणि आईला वाटत होतं, पोराला भाजी आवडत नाही.